केस, नखे आणि बायोटिनची गोळी

(अहिल्यानगर जिल्ह्यातील आशा कार्यकर्त्या आणि महिला बचत गटांच्या सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘आरोग्य आणि जाहिरात’ हा विषय आज मला दिला आहे. विषय विस्तीर्ण आहे आणि भोजनाची वेळ जवळ आली आहे. म्हणून त्यातील एकच वस्तू मी आपल्यापुढे ठेवतो. केस दाट व्हावेत, त्वचा तुकतुकीत दिसावी, नखे तुटू नयेत यासाठी विकली जाणारी बायोटिनची गोळी, ही ती वस्तू. पूर्वी ती शहरातील औषधांच्या दुकानातच दिसे. आता भ्रमणध्वनीवर मागणी नोंदविली की ती गावात पोहोचते. काही ठिकाणी बचत गटाच्या बैठकीतच तिच्या बाटल्या विक्रीसाठी ठेवल्या जातात. एका बाटलीला काही शे रुपये पडतात. खुरपणीच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

मी वैद्य नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. परंतु माहिती खात्यात काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कोणतेही विधान समोर आले की ‘याला आधार काय?’ असे तो विचारतो. तोच प्रश्न आज या गोळीला विचारावयाचा आहे.

बायोटिन ही बनावट वस्तू नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ते ‘ब’ गटातील एक खरेखुरे जीवनसत्त्व आहे आणि त्याच्या शोधाची कथाही मनोरंजक आहे. १९२७ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत मार्गारेट बोआस या संशोधक स्त्रीने उंदरांना प्रथिन म्हणून कच्च्या अंड्याचा सुकवलेला पांढरा भाग खाऊ घातला. काही आठवड्यांत उंदरांची त्वचा सोलवटली आणि केस झडले. मात्र यकृतासारखे काही पदार्थ आहारात घालताच ते बरे होत. म्हणजे पांढऱ्या भागात काहीतरी बाधक होते आणि दुसऱ्या अन्नात त्यावरचा उतारा होता. या उताऱ्याला पुढे ‘एच’ जीवनसत्त्व असे नाव मिळाले. केस आणि त्वचा या दोहोंसाठी असलेल्या जर्मन शब्दांचे आद्याक्षर ‘एच’, म्हणून हे नाव. १९३६ मध्ये हॉलंडमधील क्योगल आणि टोनिस यांनी अंड्याच्या सुमारे २५० किलो सुकवलेल्या बलकातून जेमतेम १ मिलिग्रॅम शुद्ध बायोटिन वेगळे केले. आज बाजारात मिळणाऱ्या एकेका गोळीत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असते! गोळीतले बायोटिन बलकातून काढलेले नसते, ते कारखान्यात तयार होते, हे खरे. पण प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून ही तुलना केली.

अंड्याच्या पांढऱ्या भागातील बाधक वस्तू म्हणजे ‘अॅव्हिडिन’ नावाचे प्रथिन. ते बायोटिनला इतके घट्ट धरून ठेवते की आतड्याला ते शोषून घेता येत नाही. अंडे शिजविले की अॅव्हिडिनची ही पकड नाहीशी होते. या अॅव्हिडिनचे नाव लक्षात असू द्यावे, कारण पुढे ते वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहे.

१९४२ साली अमेरिकेत काही माणसांनी स्वेच्छेने हाच प्रयोग स्वतःवर करून घेतला. आहारातील जवळजवळ तिसरा हिस्सा उष्मांक अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या भागातून घेतल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्या त्वचेला कोंडा सुटू लागला, अन्नावरची वासना गेली, स्नायू दुखू लागले. बायोटिनची टोचणी दिल्यावर थोड्याच दिवसांत ते पूर्ववत झाले. बायोटिनच्या अभावाने त्वचा बिघडते आणि बायोटिन दिल्याने ती सुधारते, हे यावरून निःसंशय सिद्ध झाले.

जाहिरात नेमकी येथून उडी घेते. अभाव असताना केस गळतात, म्हणून अभाव नसतानाही जास्त घेतल्यास केस वाढतील, असे ती आपल्या मनात उतरविते. या दोन विधानांत फार अंतर आहे. विहिरीत पाणी नसेल तर पीक करपते. म्हणून ओलावा पुरेसा असलेल्या शेतात पुन्हा पाणी सोडल्याने कणीस दुप्पट होते काय? आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात पाटाच्या अतिरेकी पाण्याने जमिनी कशा खारावल्या, ते आपणांस ठाऊकच आहे.

प्रौढ माणसाला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, असे अमेरिकेतील आहारतज्ज्ञांनी ठरविले आहे. स्तनदा मातेसाठी ते प्रमाण ३५ आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. तेव्हा १० मिलिग्रॅमची गोळी ही रोजच्या गरजेच्या तीनशेपटींहून अधिक झाली. दुसरीकडे, एका शिजवलेल्या अंड्यातून सुमारे १० मायक्रोग्रॅम मिळते. यकृत, शेंगदाणे, सूर्यफुलाचे बी, रताळे, कडधान्ये यांतही ते आहे. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ असे साधे जेवण जेवणाऱ्या माणसाला बायोटिनचा अभाव क्वचितच होतो. मात्र क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. फेफऱ्यावरील काही औषधे वर्षानुवर्षे घेणारे, अतिमद्यपान करणारे आणि बलवर्धनासाठी रोज कच्ची अंडी फोडून पिणारे यांच्यात तो होऊ शकतो. तालमीत जाणाऱ्या आपल्या मुलांना ही शेवटची गोष्ट अवश्य सांगावी. अंडी खावीत, पण उकडून खावीत.

आता पुराव्याकडे वळू. नखांच्या बाबतीत थोडा पुरावा आहे. घोड्यांच्या ठिसूळ खुरांवर बायोटिनचा उपयोग होतो असे पशुवैद्यांना आढळले, तेव्हा माणसांच्या ठिसूळ नखांसाठीही ते द्यावे अशी कल्पना पुढे आली. १९८९ ते १९९३ या काळात स्वित्झर्लंड व अमेरिकेत रोज २.५ मिलिग्रॅम बायोटिन देऊन लहान लहान पाहण्या झाल्या. त्यांपैकी एकीत ३५ जणांपैकी २२ जणांची नखे सुधारली. संख्या ऐकावयास बरी वाटते. परंतु या ३५ जणांच्या शेजारी, तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणारे दुसरे ३५ जण नव्हते. त्यांच्यापैकी किती जणांची नखे आपोआप सुधारली असती, हे मग कसे कळावे? हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि संपूर्ण बदलावयास त्याला सहा महिने लागतात. एवढ्या काळात कपड्यांचा साबण बदलतो, ऋतू बदलतो, भांडी घासण्याचे कामही कमीजास्त होते. तरीसुद्धा नखांचा हा पुरावा मी सर्वस्वी टाकाऊ मानीत नाही. तो अपुरा आहे, एवढेच.

केसांच्या बाबतीत पुरावा याहून पातळ आहे. २०१७ साली काही त्वचारोगतज्ज्ञांनी जगभरातील वैद्यकीय नियतकालिके धुंडाळली. बायोटिन देऊन केस किंवा नखे सुधारल्याच्या त्यांना केवळ १८ नोंदी सापडल्या. त्या अठराही जणांना मुळात काही आजार किंवा दोष होता. एरवी निरोगी असलेल्या माणसाचे केस गोळीने दाट झाल्याची एकही नोंद त्यांत नव्हती. २०२४ मध्ये असाच धांडोळा पुन्हा घेण्यात आला. तेव्हा कसोटीस उतरतील असे अवघे तीन अभ्यास मिळाले. त्यांतील सर्वांत काटेकोर अभ्यासात खरी गोळी आणि खोटी गोळी यांच्या परिणामांत फरक दिसला नाही. त्वचेविषयी तर तान्ह्या मुलांच्या विशिष्ट पुरळापलीकडे सांगण्यासारखे फारसे काही नाही.

दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. झुरिच येथे केस गळण्याची तक्रार घेऊन आलेल्या ५४१ स्त्रियांची रक्ततपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ३८ टक्के स्त्रियांत बायोटिन कमी आढळले. विक्रेते हा आकडा आवडीने सांगतात. परंतु केस न गळणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण किती असते, याचे मोजमाप त्या अभ्यासात नव्हते. शिवाय सरसकट सर्वांना बायोटिन देण्यास संशोधकानेच विरोध दर्शविला होता.

मग ‘मला गुण आला’ असे शपथेवर सांगणाऱ्या स्त्रिया खोटे बोलतात काय? मुळीच नाही. त्यांना गुण खरोखरच आलेला असतो. तो कशाने आला, एवढाच प्रश्न आहे.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावा घेतो आणि गळतो. एरवी सगळे केस एकाच वेळी विसाव्यात जात नाहीत. परंतु बाळंतपण, विषमज्वर, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, घरातील मृत्यूचा धक्का किंवा कडक उपासमार यांनंतर पुष्कळसे केस एकदम विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. बाळ आईला ओळखू लागले की आईचे केस गळतात, असे आपल्या जुन्या बायका म्हणत. त्यांचे निरीक्षण अचूक होते, दोष बाळाच्या ओळखीचा नव्हता इतकेच. करोनाच्या साथीनंतरही घरोघरी हाच अनुभव आला. अशी गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि नवे केस येतात.

आता पाहा. गळती सुरू होताच कोणी गोळी विकत घेत नाही. आधी तेल बदलले जाते, मग शिकेकाई होते, मग शेजारीण सुचविते, आणि फणीत मूठभर केस येऊ लागले म्हणजे धीर सुटून बाटली आणली जाते. तोपर्यंत गळती उताराला लागलेली असते. बाटली संपते तेव्हा केस थांबलेले असतात आणि श्रेय बाटलीला मिळते. श्रावणात पेरलेल्या मंत्राने भाद्रपदात पाऊस पडावा, तसा हा प्रकार आहे.

हा घोळ सोडविण्याचा एकच मार्ग शास्त्राला ठाऊक आहे. सारख्या माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे, एकाला ती वस्तू द्यावयाची, दुसऱ्याला तिच्यासारखीच दिसणारी साधी वस्तू द्यावयाची आणि मग दोन्हींची तुलना करावयाची. याचे उत्तम उदाहरण आपल्याच भाकरीत आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण आला. त्याच मूळ वाणाच्या बाजरीची परीक्षा महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलांवर करण्यात आली. काही मुलांना लोहसमृद्ध बाजरीच्या, तर काहींना साध्या बाजरीच्या भाकरी सहा महिने दिवसातून दोनदा देण्यात आल्या. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुळात लोह कमी असलेल्या मुलांपैकी लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या भाकरीवाल्यांच्या १.६४ पट होती. ‘मुळात कमी असलेल्या’ हे शब्द कृपया ध्यानात घ्यावेत. भाकरीने जी परीक्षा दिली, ती केसांच्या गोळीने नीटपणे अद्याप दिलेली नाही, आणि तरी गोळीची किंमत भाकरीहून कितीतरी अधिक आहे.

लोहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. लोहाच्या कमतरतेमुळे केस किती गळतात, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु नखे चमच्यासारखी खोलगट होणे, जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसणे या खुणा लोहाकडे बोट दाखवितात, बायोटिनकडे नव्हे. अशी एखादी भगिनी केसांची तक्रार घेऊन आली आणि तिच्या हाती बायोटिनची बाटली पडली, तर सहा महिने जातात, पैसे जातात आणि रक्तक्षय तसाच राहतो. गोळीने होणारे हे मोठे नुकसान आहे, आणि ते कोणत्याही बाटलीवर छापलेले नसते. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.

याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या गावातील स्त्रियाच त्याच्या आरोग्यसेविका झाल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सेविकांच्या हाती भारी औषधे नव्हती. घरात काय शिजते, पाणी कोठून येते, मागील बाळंतपण केव्हा झाले, हे विचारण्याची रीत होती. केसांच्या तक्रारीलाही प्रथम हेच प्रश्न विचारावे लागतात.

कारण शोधले नाही तर काय होऊ शकते, याचे ताजे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांतच मुठीने हाती येऊ लागले. पुढे काहींची नखेही ठिसूळ होऊन गळाली. प्रथम पाण्यावर संशय गेला, शांपूवरही गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकानेही तेथे येऊन नमुने घेतले. महाडचे सुप्रसिद्ध डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. त्यांना सेलेनियम हे द्रव्य फार वाढलेले आणि जस्त घटलेले आढळले. त्यांनी आपला रोख शिधावाटपातील गव्हाकडे वळविला. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात हवेच असते. अधिक झाले की तेच केस आणि नखे घालविते. गंमत अशी, की ‘केस व नखांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मिश्र गोळ्यांत बायोटिनच्या जोडीला सेलेनियमही असते. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरक पेयात चुकीने ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले आणि २०१ जण आजारी झाले. त्यांतील बहुतेकांची तक्रार केस गळण्याचीच होती.

बायोटिन स्वतः असे विषारी नाही. जास्त झालेले लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे ‘घेऊन पाहू, अपाय तर नाही’ असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही. येथे आपला जुना परिचित अॅव्हिडिन पुन्हा भेटतो. अॅव्हिडिन आणि त्याचा जीवाणूंपासून मिळणारा भाऊबंद बायोटिनला घट्ट धरतात, या गुणाचा उपयोग अनेक रक्ततपासणी यंत्रांत आकड्यासारखा केला जातो. रक्तातच गोळीचे भरमसाट बायोटिन असेल तर हे आकडे आधीच भरून जातात आणि यंत्र चुकीची संख्या दाखविते. थायरॉइडच्या तपासणीत तर रोग नसताना थायरॉइड वाढल्याचे चित्र उभे राहू शकते. केस गळण्याच्या तक्रारीवर डॉक्टर बहुधा हीच तपासणी लिहून देतात, हे विशेष! हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ‘ट्रोपोनिन’ तपासणीचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला. अशा चुकीच्या ट्रोपोनिन आकड्यानंतर एक रुग्ण दगावल्याचे त्यात नमूद होते. म्हणून रक्त देण्यापूर्वी ‘केसांची गोळी चालू आहे’ असे प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ती किती दिवस बंद ठेवावी, हे डॉक्टर सांगतील. विचारल्याशिवाय मात्र कोणी हे सांगत नाही, कारण विटामिनची गोळी ‘औषध’ आहे असे कोणास वाटतच नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही ती औषध नसतेच. १९४५ च्या औषध नियमांतील ‘जे’ अनुसूचीत, ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधास करता येत नाही अशांची यादी आहे. तीत टक्कल आहे आणि नवीन केस उगविणेही आहे. परंतु पूरक आहार म्हणून विकली जाणारी गोळी अन्नाच्या कायद्याखाली येते. तिच्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. बाटली फिरवून पाहिल्यास मागील बाजूस बारीक अक्षरांत हे वाक्य सापडते. पुढील बाजूस लांब केसांची तरुणी असते.

एका गोष्टीत मात्र हीच स्वस्त गोळी अमोल ठरते. काही थोडी बालके जन्मतः ‘बायोटिनिडेज’ या विकराच्या अभावासह येतात. सुमारे साठ हजारांत एक, असा जागतिक अंदाज आहे. अन्नातील बायोटिन त्यांच्या शरीराला वापरता येत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अशा बाळाला झटके येतात, तोंडाभोवती व ढुंगणावर न हटणारे पुरळ उठते, डोक्यावरचे जावळ विरळ होते, अंग सैल पडते. उपचार न झाल्यास ऐकू येणे बंद होते, दृष्टी जाते, प्रसंगी मूल दगावते. रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन जन्मभर दिले आणि ते वेळेवर सुरू झाले, तर असे मूल इतर मुलांसारखे वाढते. गेलेले ऐकू येणे मात्र सहसा परत मिळत नाही. गृहभेटीच्या वेळी झटके, पुरळ आणि झडणारे जावळ ही तिन्ही लक्षणे एकाच बाळात दिसली, तर आशाताईंनी ‘दृष्ट लागली असेल’ या म्हणण्यावर थांबू नये. त्या बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे आणि चिठ्ठीवर तिन्ही लक्षणे स्वतःच्या हाताने लिहून द्यावीत.